मांड्याचा डावा हात

आमच्या घरात मांडे करायचे म्हणजे आधी मागचं दार लावायचं. मागच्या अंगणात टिनाच्या छपराखाली चूल, चुलीवर उपडं घातलेलं मातीचं मटकं, आणि आत एकटी माझी मोठी जाऊ. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर खेळवत खेळवत एवढा पसरवायची की त्यातून पलीकडचं दिसावं. मग तो मटक्यावर टाकायची. भाजून निघाला की रुमालासारखी घडी घालायची.

हे सगळं मी ऐकीव सांगते आहे. लग्न होऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या या घरात आले तेव्हापासून मी मांडे खाल्ले, वाढले, देवीपुढे ठेवले, पण होताना पाहिले नव्हते. घरात कोणीच पाहिले नव्हते. पाहणाऱ्याची नजर लागते आणि मांडा हातावरच फाटतो, असं आमच्याकडे मानतात. सासूने एका वर्षी मोठ्या सुनेला आत बोलावलं, दार लावलं आणि मांड्याचा हात दिला. मला बोलावलं नाही. मी धाकटी. माझ्या वाट्याला पुरण शिजवणं आणि घोटणं आलं. ते घोटून झालं की पातेलं दारातून आत सरकवायचं आणि बाहेर, म्हणजे दाराच्या घराकडच्या बाजूला, पाटावर बसायचं. बसून बसून मला आतले आवाज ओळखता यायला लागले. थप असा भरीव आवाज आला की मांडा मटक्यावर बसला. फस् झालं की फाटला. जावेचा फस् क्वचित व्हायचा. बाई हट्टी, तोंडाची कडू, पण हात असा की त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. मी तिच्याशी पुष्कळ भांडले. मांड्यावरून कधी भांडले नाही.

आमचे लोक नागपूरकडून इकडे छत्तीसगडात आले ते मराठ्यांच्या राज्यात. तेव्हापासून बोलणं अर्धं हिंदी झालं, ताटात इथला तांदळाचा चिला आणि फरा आला, मुलं घरातसुद्धा हिंदीत उत्तर द्यायला लागली. मांडा तेवढा राहिला. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा नैवेद्याच्या पानात घरच्या बाईच्या हातचा मांडा पाहिजे. विकतचा चालत नाही, शेजारणीचा चालत नाही.

रायपूर राजधानी होऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. त्या महालक्ष्म्यांना आतून फस्, फस्, फस् ऐकू यायला लागलं. जाऊ बाहेर आली तेव्हा तिने उजवा हात डाव्या हाताने धरून आणला होता. डॉक्टरने सांगितलं की खांदा झिजला आहे, हात वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. जाऊ म्हणाली, "अक्षय तृतीयेले एक वेळ करीन. मंग नाही करत."

मग पुढच्या भाद्रपदात देवीपुढे काय ठेवायचं, हे तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पण घरात सगळ्यांना माहीत होतं की आता शिकायला एकच बाई आहे, ती म्हणजे जावेची सून.

ही सून मंत्रालयात कामाला. राज्य नवीन झालं तेव्हा भरती निघाली, तीत लागली. माहेर रायपूरचंच, मराठी, पण मराठी नुसती समजते, बोलते हिंदीत. मला सुना फारशा आवडत नाहीत, परगावी राहणाऱ्या माझ्या स्वतःच्याही नाहीत. ही आवडते. ती उगाच गोड बोलत नाही आणि कामाला नाही म्हणत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला जावेने तिला आत बोलावलं. दार लागलं. थोड्या वेळाने दोघीही फणफणत बाहेर आल्या.

"हे पाहते तर माझा हातच थांबते," जाऊ म्हणाली.

"काकी, आई कुछ बोलती ही नहीं," सून मला म्हणाली. "मैं पूछती हूँ कितना पानी, तो बोलती हैं, हाताले मालूम. मैं पूछती हूँ अब क्या करूँ, तो बोलती हैं, कर."

"मंग काय सांगू? हात करते. मी थोडीच करते."

जाऊ खोटं बोलत नव्हती. तिला खरंच सांगता येत नव्हतं. आणि कोणी पाहत असलं की तिला करताही येत नव्हतं. आता अशा बाईकडून शिकायचं कसं?

कॅमेऱ्याचं सुनेने काढलं. तिच्या ऑफिसातल्या एका बाईने पोराच्या वाढदिवसाला असा छोटा कॅमेरा आणला होता, खिशात मावणारा, चालतं-बोलतं चित्र काढणारा. मोबाइल तेव्हाही होते, पण आमच्या मोबाइलवर काढलेलं म्हणजे ढवळलेल्या पाण्यातून पाहिल्यासारखं. सून म्हणाली, आई एकट्याच आत राहतील, कॅमेरा आत राहील, आपण नंतर पाहू.

सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन जयस्तंभ चौकाजवळच्या एका दुकानात गेली. मला का, तर तिचं म्हणणं असं की घरच्या कॉम्प्युटरवर बसून चित्राची काटछाट करायला वेळ मलाच आहे, तेव्हा मला चालवता येईल तोच घ्यायचा. दुसरी कोणी असती तर स्वतःला शोभेल तो घेऊन आली असती आणि मग आम्हाला शिकवत बसली असती.

दुकानदार पांढऱ्या शर्टातला, केस चपटे बसवलेला माणूस होता. त्याने आधी एक मोठा कॅमेरा काचेवर ठेवला.

"माताजी, ये देखिए. इतना ज़ूम है कि सामने वाली बिल्डिंग की खिड़की में कौन बैठा है, सब दिखेगा."

"हमको सामने वाली का नहीं देखना," मी म्हटलं. "हमको अपने घर का हाथ देखना है. गीले हाथ से चलेगा?"

"कैमरा है माताजी, बेलन नहीं है."

"बेलन गीले हाथ से कोई पकड़ता ही नहीं. भैया, आपको रोटी का भी नहीं मालूम और कैमरे का भी नहीं."

सून दुसरीकडे पाहायला लागली. हसू आलं की ती असंच करते.

मग त्याने एक चपटा, चांदीसारखा दाखवला. त्याला बटणच नाही, काचेवर बोट लावायचं. मी त्याच्या टेबलावरच्या पाण्याच्या गिलासात बोट बुडवून काचेवर लावलं. तो ओरडलाच. कॅमेरा मात्र ढिम्म. ओलं बोट त्याला समजलं नाही. जावेचा हात कणकेत कोपरापर्यंत भरलेला असतो. तिच्याकडून असल्या नाजूक काचेची मर्जी कोण सांभाळणार?

तिसरा काळा, साबणाच्या वडीएवढा. दिसायला काही नाही. पाठीवर मधोमध एक लाल बटण. मी ते बोटाच्या पेराने दाबलं. टूं असा आवाज आला आणि त्याच्या छोट्या पडद्यावर दुकानदाराचं पोट दिसायला लागलं. पुन्हा दाबलं, टूं, बंद. मग कोपराने दाबून पाहिलं. चाललं.

"ये सस्ता मॉडल है, माताजी. इसमें फीचर नहीं है."

"नहीं है वही अच्छा है."

आता काटछाट. माझा मुद्दा तोच होता. मी चौथीपर्यंत शिकले. मराठी वाचते, हिंदी वाचते, इंग्रजी अक्षर आलं की अंधार. मोठ्या कॅमेऱ्याबरोबर एक सीडीची चकती होती आणि तिच्यातली इंग्रजीची यादी सुनेलाही नीट कळेना. या काळ्याच्या कुशीतून मात्र खटका दाबला की एक पातं बाहेर यायचं, घडीच्या चाकूसारखं. ते कॉम्प्युटरात खुपसलं की कापायचं-जोडायचं सगळं सामान कॅमेऱ्याच्याच पोटातून निघायचं. मी दुकानदाराला म्हटलं, इथेच करून दाखवा, घरी जाऊन रडायचं नाही.

त्याने बेलन वगैरे सगळं मी पुन्हा बोलत असताना माझंच चित्र घेतलं. मग ते त्याच्या कॉम्प्युटरवर लावलं. खाली एक लांब पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन काड्या. डावीकडची काडी आत सरकवली की सुरुवातीचं गेलं, उजवीकडची सरकवली की शेवटचं गेलं. भेंडीची दोन्ही टोकं काढतो तसं. त्याने माझं बोलणं काढून टाकलं आणि मी नुसती हात हलवत उभी आहे एवढं ठेवलं.

"देखिए, डाँटना निकाल दिया."

"जो काटा वो गया क्या?"

"नहीं माताजी. असली वाला वैसा ही रहता है. जितनी बार चाहे काटो."

हे मला पटायला वेळ लागला. त्याने असली वाला पुन्हा लावून दाखवला, मी पुन्हा पहिल्यापासून भांडत होते. मी आयुष्यभर कापत आले, भाजी, कपडे, एकदा नवऱ्याची मिशीसुद्धा. कापलेलं परत जागेवर आलेलं पाहिलं नव्हतं. अशी कात्री ज्याने काढली त्याचं डोकं चांगलं असलं पाहिजे. आणि इंग्रजी यायची गरज नव्हती. कात्रीच्या जागी कात्री काढलेली होती, जोडायच्या जागी दोन कड्या. मी सुनेला म्हटलं, "हाच घे."

घरी जावेने त्याला उलटंपालटं करून पाहिलं.

"साबणाची वडी दिसते."

"कॅमेरा आहे, बाई."

"याले डोळा आहे नं?"

"आहे. ही काच तो डोळाच."

"मंग नजर बी असन."

"नजर माणसाची लागते. याच्या पोटात भूक नाही, हेवा नाही. काहून लागन?"

"भूक काहून नाही? दोन सेल खाते म्हणून तूच सांगितलं."

सून म्हणाली, "आई, देवी के लिए है. नज़र लगेगी तो मैं उतार दूँगी." जावेने काचेवर बोट फिरवून पाहिलं. शेवटी म्हणाली, "हव. हा आत येईन. तू नाही." ते 'तू' मला होतं.

साबणाच्या वडीला पहिल्याच दिवशी जे मिळालं ते मला या घरात म्हातारी होईपर्यंत मिळालं नव्हतं. पण नैवेद्याचा प्रश्न होता.

अक्षय तृतीयेला सकाळीच ऊन तापलं होतं. मी मटक्यासमोरच्या फळीवर तिखटाचा डबा ठेवला, त्यावर कॅमेरा, आणि तो हलू नये म्हणून परकराच्या जुन्या नाडीने डब्याला बांधला. पडद्यावर चूल, मटकं आणि पाट दिसतो हे पाहून घेतलं. जावेला बटण दाखवलं. पुरणाचं पातेलं ठेवलं आणि बाहेर आले. दार लागलं. बऱ्याच वेळाने टूं ऐकू आलं. मग पहिला थप.

त्या दिवशी तिने मांडे केले तसे मी कधी ऐकले नव्हते. थप, मग काही वेळ शांत, मग थप. मध्ये कुठे घाई नाही. खांदा दुखत असणार, पण आवाजात दुखणं नव्हतं. सून माझ्याशेजारी पाटावर बसली होती. तिला म्हटलं, "ऐक. हे पुन्हा नाही ऐकायले मिळत." ती म्हणाली, "सुन रही हूँ, काकी," आणि तिने पंखासुद्धा बंद केला.

दार उघडलं तेव्हा जाऊ घामाने भिजली होती. मांडे परातीत रचलेले होते. "झालं," ती म्हणाली. "आता हा हात देवाचा. माझा नाही."

संध्याकाळी आम्ही तिघी कॉम्प्युटरसमोर बसलो. सुनेने पातं खुपसलं. चित्र आलं. चूल दिसली, मटकं दिसलं, जावेचा उजवा हात दिसला. एका बाजूला वरपासून खालपर्यंत एक करडा डाग होता, धुरासारखा. जिकडे जावेचा डावा हात यायचा तिकडे नेमका तो.

"धूर आहे का?" मी विचारलं.

"धुआँ तो हिलता है," सून म्हणाली.

"तीट लावली," जाऊ म्हणाली.

"कोणाले?"

"त्याच्या डोळ्याले. काजळाची. आधी मटक्याले लावणार होती, पण मटकं तर काळंच आहे. मंग म्हटलं नजर डोळ्यातून निघते तर डोळ्यालेच लावून टाकू. पूर्ण नाही लावली. कोपऱ्यात लावली."

सून हसता हसता खाली बसली. जावेला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मलाही नाही. तिचा विचार बरोबर होता. कॅमेऱ्याच्या माणसांनी तो केला नव्हता एवढंच.

पण पुढे एक गोष्ट झाली. चित्र चालू होतं आणि जाऊ खुर्ची ओढून जवळ गेली. उजवा हात गोळा उचलत होता, फिरवत होता, मनगटावरून पुढे घेत होता. तिने स्वतःचं काम कधी पाहिलं नव्हतं. करताना तिची नजर आगीवर असते.

"मी एवढी वाकते?"

"वाकता," मी म्हटलं.

ती पाहत राहिली. पडद्यावरच्या बाईने मांडा टाकला, तो सगळीकडून सारखा बसला. जाऊ म्हणाली, "हात बरा आहे बाईचा." अगदी दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं. या बाईने कधी कोणाच्या हाताला बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि या वेळीही ती उगाच म्हणत नव्हती.

सून ते पाहून दर रविवारी करायला लागली. दार लावून, एकटी. बाहेर मला फस् ऐकू यायचं. मांडा उजवीकडून छान पसरायचा आणि डावीकडे भोक पडायचं, प्रत्येक वेळी.

"काकी, उल्टा हाथ क्या करता है, वो दिखता ही नहीं," ती म्हणाली. ती रडली नाही. राख झाडली, पाट धुतला आणि पुढच्या रविवारचं पीठ चाळून ठेवलं. मंत्रालयात दिवसभर बसून आलेल्या बाईचं हे धैर्य मला आवडलं.

मी जावेला विचारलं, "बाई, डावा हात काय करते?"

"काही नाही करत. डावा नुसता राहते."

"काही करत नसन तर पोट्टीचा मांडा तिकडूनच काहून फाटते?"

तिने डावा हात पुढे धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. "हा तर धड आहे अजून," ती म्हणाली. "उजवाच गेला. पण एकट्या डाव्यानं कसं करू?"

"उजवा माझा घ्या," मी म्हटलं.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग उठली आणि मागच्या दाराकडे गेली. मी कॅमेऱ्याची काच पदराने पुसली, डबा, नाडी, सगळं पुन्हा बांधलं आणि सवयीने बाहेर निघाले.

"कुठी चालली? दार लाव."

"मी आत आहे नं."

"मंग? तू पाहून नाही राहिली, करून राहिली. पाहणाऱ्याची नजर लागते, करणाऱ्याची नाही."

हे कुठे सांगितलेलं आहे मला माहीत नाही. माझ्या मते तिने ते तिथेच काढलं. मी दार लावलं आणि लाल बटण दाबलं.

आम्ही खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो. तिचा डावा हात, माझा उजवा. दोघींमध्ये एक गोळा. असं काम कोणी केलं नसेल. पहिला मांडा माझ्या बाजूने फाटला आणि चुलीच्या राखेत पडला.

"पुरण घोटणारा हात आहे तुझा. दाबू नको. हे डाळ नाही. नव्या नवरीच्या गालाले लावते तसा हात लाव."

"नवी नवरी होती तेव्हा मले कोणी आत नाही बोलावलं."

तिने मटक्याखाली एक लाकूड सरकवलं. मग म्हणाली, "गोळा घे."

दुसराही फाटला. तिसऱ्याला तिने मला काही सांगितलं नाही. तिचा डावा हात नुसता हळूच वर आला आणि माझ्या हाताला कळलं की आता खाली जायचं. मांडा मोठा होत गेला. आम्ही दोघींनी तो मटक्यावर टाकला. बाहेर बसून जो आवाज इतकी वर्षं ऐकला तो आतून ऐकला. बाहेरून जास्त चांगला ऐकू येतो.

मग माझी कात्री सुरू झाली. दुपारी सगळे कामाला गेले की मी कॉम्प्युटरसमोर बसायची. पहिल्या चित्रातून उजवा हात घेतला, दुसऱ्यातून डावा. गोळा उचलताना उजवा, मग त्याच वेळचा डावा, मग पुन्हा उजवा. भेंडीसारखी टोकं काढत गेले, कड्या जुळवत गेले. चुकलं तर असली वाला होताच. ज्यांनी हे बनवलं त्यांनी माझ्यासारखीचा विचार केला होता की नाही मला माहीत नाही, पण कुठे अडून मला कोणाला हाक मारावी लागली नाही.

आणि कापता कापता डाव्या हाताचं काय ते सापडलं. चित्र थांबवता येतं, तसं थांबवलं होतं. पुढे राखेत पडलेला पहिला मांडा अजून हातावरच होता. माझ्या उजव्या हाताचा अंगठा बाहेर निघालेला, आणि फाटायला तिथूनच सुरुवात झालेली. जावेच्या डाव्या हाताचा अंगठा तळव्याखाली दुमडलेला, लपवून ठेवल्यासारखा. मग मी तिच्या उजव्या हाताचं जुनं चित्र लावलं. टाकायच्या वेळी तोही दुमडलेला, पण एवढ्या पटकन की दिसायचा नाही. डावा मात्र पूर्ण वेळ.

जावेला बोलावून दाखवलं.

"मी अंगठा दुमडते?"

"सासूबाईंनी सांगितलं होतं?"

"त्यांनी तर काहीच सांगितलं नाही. दार लावलं आणि म्हणाल्या, कर." ती खुर्चीत बसून अंगठा दुमडत होती, उघडत होती, पुन्हा दुमडत होती.

मग भांडण झालं. मी जोडलेल्या चित्रात तो फाटलेला मांडा ठेवला होता, हे तिला चालेना.

"फाटलेलं दाखवतं का? माझं नाक कापून टाक त्यापेक्षा."

"फाटलेला माझ्याकडून आहे. नाक कापलं तर माझं."

"हात तर माझा बी आहे नं त्यात. काढ."

"नाही काढत."

सून कामावरून आली तेव्हा आम्ही दोघी दोन टोकांना तोंड फिरवून बसलो होतो. तिने पर्स खाली ठेवली, चित्र पाहिलं, फाटलेला मांडा पुन्हा पाहिला, आणखी एकदा पाहिला. "आई, सबसे काम का तो यही है," ती म्हणाली. "अच्छे वाले में पता ही नहीं चलता कि अच्छा क्यों है." जाऊ काढ म्हणायची थांबली. सुनेने त्या रविवारी दोन्ही अंगठे दुमडून मांडा केला. फस् झालं, पण उशिरा झालं. पुढच्या रविवारी आणखी उशिरा.

महालक्ष्म्यांच्या दिवशी भाज्या चिरून झाल्या, आंबील झाली, मी पुरण घोटलं आणि पातेलं आत सरकवलं. सून आत गेली. दार लागलं. मी माझ्या पाटावर बसले. जाऊ उभीच होती. तिला कुठे बसायचं कळेना. या दाराच्या बाहेर ती कधी बसलीच नव्हती. मी दुसरा पाट ओढून दिला.

आतून बराच वेळ काही आलं नाही.

"काय करून राहिली हे?" जाऊ म्हणाली.

"हातावर खेळवून राहिली. थांबा."

फस्.

"हे काय झालं?"

"फाटला."

"तुले कसं मालूम?"

"मले नाही मालूम तर कोणाले मालूम राहीन, बाई? माझा तर जन्म इथंच बसून गेला."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि दोन्ही अंगठे आत दुमडलेले होते. आत पुन्हा शांतता झाली. मग थप. थोडा हलका, पण भरीव.

"बसला," मी म्हटलं.

दार किलकिलं झालं. सुनेचं तोंड आगीने लाल झालं होतं. तिने घडी घातलेला मांडा ताटलीत पुढे केला. जावेने तो डाव्या हाताने उचलला, घडी उलगडली, उजेडाकडे धरला. कडेला एक बारीक चीर होती, बाकी सगळीकडून पातळ. माझ्या अंगठ्याएवढीसुद्धा जाड जागा नव्हती.

"देवीले चालते," ती म्हणाली. "माझा पहिला तर गाईनं बी नव्हता खाल्ला."

सून हसली. दार आणखी उघडून म्हणाली, "आई, अब आप अंदर आ जाओ. बाकी मेरे साथ बैठ के देखो."

"मी नाही येत," जाऊ म्हणाली. "पाहणाऱ्याची नजर लागते."

आणि तिनेच बाहेरून दार ओढून घेतलं.